पगार थांबल्यावर

वेळेआधी नोकरी सोडलेल्या माणसाला लोक आधी तब्येत विचारतात. साखर निघाली काय, हार्टचं काही आहे काय, अगदी हळू आवाजात. तसं काही नाही म्हटलं की दुसरा प्रश्न असतो, ऑफिसात काही झालं होतं का. तो आपल्याला विचारत नाहीत, आपल्या शेजाऱ्याला विचारतात. तेही नाही असं कळलं की तिसरा प्रश्न उरतो आणि तो कधीच सरत नाही: किती मिळाले?

आम्ही नवराबायको या तिन्ही प्रश्नांतून दोनदा गेलो आहोत. आमच्यातले एक १९९० साली टेलिफोन खात्यात लागले. खात्याचं १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएल झालं, पण सोलापुरातल्या आमच्या गल्लीत ते शेवटपर्यंत ‘टेलिफोनवाले’च राहिले. २०१९च्या नोव्हेंबरात पन्नाशी गाठलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली. झालेल्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार, असा हिशेब होता. लँडलाइन एकेक करून निघत चालल्या होत्या, हाताखालचं काम आटलं होतं. ३१ जानेवारी २०२० रोजी देशभरातून ७८ हजारांवर माणसं एकाच संध्याकाळी घरी गेली. त्यांत आमचे टेलिफोनवाले होते, वय वर्षं ५४.

दुसऱ्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत बाई होत्या. वीस वर्षं सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. वापरण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. २०२१ मध्ये अम्मांची उजवी बाजू गेली. शाळा बावीस किलोमीटरवर, एसटीच्या भरवशावर. पुरुषाने अम्मांना जेवू घालावं, औषध द्यावं, इथवर ठीक. पण अंघोळ, कपडे, बाकीचं सगळं अम्मा लेकाकडून करून घेईनात. २०२२च्या मे अखेर बाईंनी शाळा सोडली, ५८ला सहा वर्षं बाकी असताना. म्हणजे आमच्या घरी निवृत्ती एकदम आली नाही. अडीच वर्षांत, एकेका पायरीने आली.

पहिली पायरी तर कळलीच नाही. टेलिफोनवाले घरी बसले आणि दोन महिन्यांत सगळा देशच घरी बसला. त्या वर्षी रमजान एप्रिलअखेर लागला. मशिदी बंद, तरावीह घरात, ईद अंगणात. कोण निवृत्त आणि कोण नोकरीवर, काही फरकच नव्हता. फरक पडला तो लोक पुन्हा कामाला जाऊ लागले तेव्हा.

नोकरदार पुरुषाला आपली गल्ली दुपारी कशी असते हे माहीत नसतं. विजापूर वेशीकडच्या आमच्या गल्लीत सकाळी दहाला पुरुष बाहेर पडले की उंबरे बायकांचे होतात. कुणी मेथी निवडतं, कुणी विड्या वळतं, कुणी लेकराच्या डोक्याला तेल लावतं. ओढण्या खांद्यावर, बोलणं मोकळं, हसणं मोठ्याने. आमचे टेलिफोनवाले पेपर घेऊन दारात खुर्ची टाकून बसायला लागले आणि ते हसणं थांबलं. ओढण्या डोक्यावर गेल्या. दोघी-तिघी सूप उचलून आत गेल्या. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि दोन दिवस त्यांना वाटत होतं की गल्ली आजकाल फार शांत असते. शेवटी अम्मा म्हणाल्या, तेव्हा त्या धडधाकट होत्या, “तू जरा भार जा बाबा, औरतां बैठतीं यां.”

तर निवृत्तीतला पहिला अदब आम्हाला हा शिकावा लागला, की आपल्याच घराच्या दारात कुठल्या वेळी उभं राहू नये. वाचनालयं उघडल्यावर टेलिफोनवाले अकरा ते चार हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊ लागले. दुपारी मध्येच परतायचं झालं तर गल्लीच्या तोंडाशी जोरात खाकरायचं. खोकला बरा होत नाही का, असं कोपऱ्यावरच्या पानवाल्याने एकदा विचारलंसुद्धा. दोन वर्षांनी बाई घरी आल्या तेव्हा अडचण उलटी झाली. त्यांना पायरीवर जागा मिळाली लगेच, पण तिथल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. बाई आल्या की विड्या वळणाऱ्या बायका पाय जवळ घेऊन सरळ बसायच्या. ‘साहेब’ ही पदवी ऑफिसच्या किल्लीबरोबर जमा करावी लागते. ‘बाई’ मात्र कुणी परत घेत नाही.

रिकाम्या माणसाचा वेळ सार्वजनिक असतो, असा लोकांचा समज आहे. पूर्वी जनाजा दुपारी असला तर ऑफिस आहे म्हणता यायचं. आता कुणाचाही जनाजा चुकला तर सबब उरत नाही. टेलिफोनवाल्यांनी गेल्या पाच वर्षांत जितके खांदे दिले तितके आधीच्या तीस वर्षांत दिले नसतील. त्याची तक्रार नाही. पण बँकेत रांगेला उभं राहायला, मुलाच्या दाखल्यासाठी तहसीलला, दवाखान्यात सोबतीला, ‘तुम्ही काय, मोकळेच आहात’ असं म्हणून नेणाऱ्यांना कधी हो म्हणायचं आणि कधी नाही, हे ठरवायला आम्हाला वर्ष लागलं. ठरवलं ते असं: आजारपण आणि मयत यांना नाही म्हणायचं नाही. कागदपत्राचं काम करायचं, पण सोमवार आणि गुरुवारी, दहा ते बारा. मशिदीच्या कमिटीवर यायचा आग्रह झाला तो हात जोडून परतवला. हिशेबाला माणूस हवा म्हणतात, आणि हिशेब विचारला की तोच माणूस नको होतो, हे आम्ही आमच्या अब्बांच्या वेळी पाहिलं आहे.

२०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले तेव्हा सोमवार-गुरुवार सगळं वाहून गेलं. महिना दीड हजार रुपये म्हणजे विड्या वळणाऱ्या बाईला काय असतं ते नोकरदाराला सांगून कळायचं नाही. बाईंनी दोन महिन्यांत साठ-सत्तर अर्ज भरले असतील. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, बँकेत तिसरं. शहनाज, शेहनाज, शहेनाज. पैसे कुणाकडून घेतले नाहीत, पण रिकाम्या हाताने कुणी आलं नाही. कुणी अंडी आणली, कुणी केळी, एकीने स्वतः घातलेलं लिंबाचं लोणचं. सुरुवातीला बाई परत करायच्या. मग लक्षात आलं की परत केलं की ती बाई दुसऱ्यांदा विचारायला येत नाही. आता घेतो. त्या दोन महिन्यांत आम्ही अंडी विकत आणली नाहीत.

आता खर्चाकडे वळतो, कारण वाचकांना त्यातच अधिक रस असेल. आमची एक वही आहे, निवृत्तीच्या पहिल्या महिन्यापासूनची. नोकरी सुटली की खर्च कमी होतो असं सगळे सांगतात. होत नाही, जागा बदलतो. पेट्रोल महिन्याला बावीसशेचं होतं ते सहाशेवर आलं. बाईंचा एसटीचा पास गेला, डब्याची घाई गेली. पण दूध एक लिटरचं दीड लिटर झालं, साखर दुप्पट लागू लागली. घरी माणूस आहे म्हटल्यावर लोक येतात, आणि आलेल्याला चहाशिवाय कसं पाठवणार? दुसरं, वीज. सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. नोकरीत होतो तेव्हा दुपार सरकारच्या पंख्याखाली जात होती. आता कूलर आपला, आणि १०० युनिटच्या पुढे दर चढतो तोही आपल्यालाच. मार्च ते जून आम्ही तिघं एकाच खोलीत राहायचो, अम्मांच्या. एक कूलर, तिघं माणसं. अम्मांना तेवढ्यानेच बरं वाटायचं. लेक-सून दुपारी आपल्याजवळ बसले आहेत, असं त्यांच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. अम्मा २०२३च्या डिसेंबरात गेल्या. चहलमला आम्ही देगी चढवल्या नाहीत. त्यावर बोलणं झालं, पण ते बोलणं आम्हाला फारसं लागलं नाही.

जास्त अवघड गेला तो आहेर. आमच्याकडे कुणाच्या लग्नात कुणी किती लिफाफा दिला याच्या वह्या असतात, आणि त्या वह्या तीस-तीस वर्षं जपल्या जातात. आम्ही दोघं कमावते, म्हणून आमचा आकडा मोठा: एक हजार एक. जवळच्यांत अडीच हजार. लग्नाच्या मोसमात महिन्याला सात-आठ वलीमे. पेन्शनीतून ते झेपेना. पण कमी करायचं कसं? एकाला हजार दिले आणि त्याच्या सख्ख्या भावाला पाचशे, तर तो अपमान आहे, खर्चकपात नाही. आम्ही दोन वर्षं काहीच बदललं नाही. मग मुलीच्या लग्नाने वाट काढून दिली. २०२३च्या फेब्रुवारीत तिचा निकाह मशिदीत लावला, असरनंतर, खजूर आणि शरबत. मंडप नाही, जेवणावळ नाही. वलीमा मुलाकडच्यांनी त्यांच्या ऐपतीप्रमाणे केला. आणि पत्रिकेवर छापलं, आहेर आणू नये. एक पैसा घेतला नाही म्हटल्यावर जुनी सगळी खाती आमच्याकडून मिटली. आता जिथे जातो तिथे मुलीच्या हातात एखादी वस्तू देतो, साधी, तीन-चारशेची. वहीत वस्तूची किंमत लिहीत नाहीत. कंजूष म्हणणारे म्हणालेच. पण त्यानंतर गल्लीत आणखी दोन निकाह खजुरावर झाले आहेत, हेही नोंदवतो.

त्या मुलीचा रिश्ता बघताना ‘वडील काय करतात’ या प्रश्नाला ‘रिटायर्ड’ म्हटलं की समोरची मंडळी ५७ वर्षांच्या माणसाकडे निरखून बघायची. हा आजारी तरी असेल नाहीतर मालदार तरी. मालदार ठरल्यावर मागण्यांची भाषा बदलते. ‘आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला जे द्याल ते.’ हे वाक्य ज्यांनी उच्चारलं त्या दोन घरांना आम्ही निरोप पाठवला की योग नाही.

किती मिळाले, हा आकडा आम्ही कुणाला सांगितला नाही. मुलांना माहीत आहे, बाकी कुणाला नाही. गल्लीत वीस लाखांपासून साठ लाखांपर्यंत सगळे आकडे फिरले. आमचं उत्तर एकच, ‘अल्लाहचा शुक्र आहे, भागतं.’ इथेही सांगत नाही. समजायला सोपं म्हणून वीस लाख धरा.

हे वीस लाख ठेवायचे कुठे? हिंदू सहकाऱ्यांना हा प्रश्न इतकाच होता की कुठे व्याज जास्त. टेलिफोनवाल्यांचे टेबलाशेजारचे मित्र पोस्टाची मासिक प्राप्ती योजना घेऊन मोकळे झाले. आमच्या घरी त्यावर तीन महिने चर्चा चालली. पेन्शनला काही अडचण नाही, ती सेवेचा मोबदला. सक्तीच्या भविष्य निर्वाह निधीवर जी वाढ मिळते ती चालते असं अनेक उलेमा सांगतात. पण स्वतःच्या हाताने मुदत ठेवीत टाकायचं आणि दर महिन्याला व्याजावर जगायचं, हे आमच्यातल्या बाईंना पटेना. टेलिफोनवाल्यांचं म्हणणं, घरात सोनं करून ठेवलं तर ते चोराचं, बँकेत ठेवलं तर महागाईचं. दोघांचंही खरं होतं. शेवटी एक लहान गाळा घेतला, भाड्याने दिला. भाडं हलाल आणि भाडेकरू बरा. काही रक्कम व्याज, दारू वगैरे धंद्यांच्या कंपन्या टाळणाऱ्या म्युच्युअल फंडात घातली. टाटा एथिकल फंड त्यातलाच. तो खाली जातो तेव्हा बाईंना बरं वाटतं, म्हणतात, नफा-तोटा दोन्ही आहे म्हणजे व्याज नाही. बचत खात्यावर जे व्याज पडतं ते वर्षाअखेर काढून, सवाबची नियत न ठेवता, गरजूला देऊन टाकतो. आम्ही केलं तेच बरोबर असं म्हणणं नाही. पेन्शन नसलेल्या विधवा बाईला हा सल्ला द्यायची आमची हिंमत होणार नाही.

मग जकात. नोकरीत असताना जकात म्हणजे बाईंच्या दागिन्यांवरची, दर रमजानला काही हजार. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढा निसाब, त्यावर चांद्र वर्ष उलटलं की अडीच टक्के, हे लहानपणापासून पाठ. पण वीस लाखांवर अडीच टक्के म्हणजे पन्नास हजार, हे पहिल्यांदा वहीत लिहिलं तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. पगार चालू असता तर पन्नास हजार पुन्हा जमले असते. आता जे जातं ते परत यायचं नाही. आणि चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणजे पाळी लवकर येते. दिली. दर वर्षी देतो. जकात म्हणजे पैसा पडून राहू नये याची व्यवस्था आहे, हे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत होतो. गाळा घ्यायची घाई कशाने झाली ते आता सांगायला हरकत नाही.

पैसा आला तो २०२० मध्ये, आणि त्याच वर्षी धाकट्या भावाचे यंत्रमाग थांबले. भाड्याच्या शेडमध्ये आठ माग, टॉवेल निघायचे. टाळेबंदीत माल उठेना, कामगार गावी गेले, सुताची उधारी डोक्यावर. ऑगस्टमध्ये तो आला, चार लाख मागितले. सरळ मागितले, आडून नाही. द्यायचे यात प्रश्न नव्हता. आम्ही कागद केला. रक्कम, तारीख, जानेवारीपासून महिना पाच हजार, दोन साक्षीदार. कुराणातली सगळ्यांत लांब आयत, सूरा बकराची २८२वी, देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दलच आहे. नमाज-रोज्याचे नियम पाळणाऱ्या आपल्या घरांत ही आयत फक्त तिलावतीपुरती राहिली आहे. भाऊ कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, “भाईजान, अपने में बी कागद करना पडता क्या?” अम्मा त्या रात्री जेवल्या नाहीत. दोन लेकरांमध्ये कागद आला, एवढंच त्यांना दिसत होतं. बाईंनी त्यांच्याजवळ बसून ती आयत मराठीत सांगितली, उर्दूत सांगितली. अम्मा म्हणाल्या, आयत बरोबर आहे, पण तुमच्या अब्बांनी कधी लिहिलं नाही. अब्बांनी लिहिलं नाही म्हणूनच मोठ्या फुफ्फींचं आणि आमचं घर वीस वर्षं एकमेकांकडे गेलं नाही, हे आम्ही त्या रात्री बोललो नाही.

त्याने दीड वर्ष नियमाने पाच हजार दिले. मग तीन, मग दोन, मग कधी नाही. सहा माग भंगाराच्या भावाने, किलोवर गेले. एका ईदला तो शीरखुर्म्याला आला नाही, मुलांना पाठवलं. तेव्हा त्याच्याकडे जाणं आमचं काम होतं, गेलो. कागदाचा विषय काढला नाही. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्या, हे त्याच सूरेत दोन आयती आधी आहे, म्हणजे कागद आणि मुदत शेजारी-शेजारी आहेत. आजही तो पैसे आणतो तेव्हा कागदाच्या मागच्या बाजूला आकडा लिहितो आणि दोघं सही करतात. जे मिळालं ते लिहिलेलं असल्यामुळेच त्याला आमच्या घरात मान वर करून बसता येतं, असं बाईंचं मत आहे. टेलिफोनवाल्यांना तसं अजून पूर्ण वाटत नाही.

यात मसल्याची एक गाठ आहे. परत मिळायची आशा असलेल्या उसन्या रकमेवरही जकात आमच्याकडेच लागते. कर्ज माफ करून तीच जकात धरावी तर हनफी मसल्यात ते चालत नाही. जकात हातात द्यावी लागते. आईबापाला, मुलांना जकात देता येत नाही, भावाला देता येते, आणि ही जकात आहे असं तोंडाने सांगायचीही सक्ती नाही. आम्ही भावाला दिली की नाही, ते लिहिणार नाही. तो मराठी वाचतो.

आता हजचं चाललं आहे. हज कमिटीतर्फे गेलं तरी दोघांचे मिळून सात लाखांच्या आसपास लागतील असा अंदाज आहे. टेलिफोनवाल्यांना साठी आली, बाईंचे गुडघे बोलू लागले. जायचं तर आता. गाळा विकायचा नाही. फंडातले काढले तरी अडीच लाख कमी पडतात, आणि भावाकडे दोन लाख साठ हजार आहेत. हा जमाखर्च आम्ही दोघांनी एकदाच मांडला आणि वही मिटली. पण गल्लीत काही लपत नाही. गेल्या आठवड्यात भाऊ आला, हजार रुपये आणले, मागे आकडा लिहिला, चहा घेतला. उठताना चपला घालत म्हणाला, हजचे अर्ज कधी सुटतात? आम्ही म्हटलं, अजून वेळ आहे.